अथणीवरून गोव्याला

“पहिला चहा कुठं घ्यायचा?” नानांनी विचारलं.

हा प्रश्न ते स्वतःलाच विचारायचे, त्यामुळं मी मटार सोलत गप्प बसले. टेबलावर नकाशा पसरला होता. एका कोपऱ्यावर चष्म्याचं घर, दुसऱ्यावर अडकित्ता. नाहीतर पंख्याच्या वाऱ्यानं अर्धं कर्नाटक उडून महाराष्ट्रावर यायचं. नाना म्हणजे माझे वडील. एसटीत वाहतूक नियंत्रक होते. सांगलीच्या स्टँडवर माइकसमोर बसून जन्मभर गाड्या सोडल्या आणि घरी आले तरी ती खोड गेली नाही. दरवर्षी दिवाळीनंतर आमची एक सहल निघायची आणि ती कुठून कशी जाणार, हे नाना ठरवायचे. आम्ही फक्त बसायचं.

“मिरजेत नको, गर्दी असते. कागवाडला अजून भूक लागलेली नसते. म्हणजे मग...” त्यांचं बोट नकाशावरून अथणीच्या पुढं सरकलं आणि थांबलं. “यल्लम्माचा फाटा.”

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली.

“म्हणजे बदामी?”

“मग काय तर.”

“नाना, आई नाही आता. फाट्यावर आपण आईसाठी थांबायचो, देवीची ओटी भरायची असायची तिला. आपण दोघं कशाला थांबायचं?”

हे मी नुसतं चाचपून बघितलं. मनातून मला तिथं थांबायचंच होतं आणि ते यांच्या गळी कसं उतरवायचं, याच विचारात मी सकाळपासून होते.

“इंजिन गार होतं,” नाना म्हणाले.

“माझी गाडी नवी आहे. आणि डिसेंबरात काय गरम होतंय?”

“मग माझा गुडघा गार होतो असं समज. थांबायचं तिथं.”

म्हाताऱ्याला सवय लागलीय, बरंच झालं, असं मनात म्हटलं आणि पुढची शेंग घेतली.

या फाट्याचं सांगायचं तर आधी शकूताईचं सांगायला हवं. ती माझी थोरली बहीण. डी.एड. करून अथणीकडच्या एका शाळेत मराठी शिकवायला गेली आणि तिथंच बसवराज नावाच्या मास्तरांशी लग्न करून मोकळी झाली. मास्तर लिंगायत, घरी कन्नड बोलणारे, स्वभावानं गायीसारखे. पण ते कोण बघतो? आमची भाऊकी ओटीवर जमली. थोरल्या काकांनी नानांना मधे बसवलं. मी तेव्हा कॉलेजात होते, स्वयंपाकघराच्या दाराआडून ऐकत होते. नाना एवढंच म्हणाले, “आजपासून मी तिचं तोंड बघणार नाही.” मग सगळे चहा पिऊन गेले. आई आत चुलीपाशी बसून राहिली होती, तिला कोणी काही विचारलं नाही.

नाना शब्दाचे पक्के. गाडीची वेळ झाली की सोडणार म्हणजे सोडणार, मग ड्रायव्हरचं जेवण अर्धं राहिलं तरी. त्यामुळं ताईचं आता संपलं, हे मला तेव्हाच कळलं.

पण पुढच्या दिवाळीनंतर आमची पहिली सहल निघाली, विजापूरला. अथणी मागं पडल्यावर एका फाट्यावर चहाला गाडी थांबली. एका बाजूला कँटीन, पलीकडं जरा मागं, रस्त्यापासून आत यल्लम्माचं लहानसं देऊळ. आई म्हणाली, मी देवीला जाऊन येते. ओटीची पिशवी धरायला मी बरोबर गेले, तर देवळाच्या ओवरीत शकूताई बसलेली. आईनं तिला शेजारच्यांच्या फोनवरून कळवलं होतं. दोघी एकमेकींना धरून रडल्या आणि मला सांगितलं, वाच्यता करायची नाही.

तेव्हापासून दरवर्षी हेच. आई देवीला जायची, नाना पुढच्या सीटवर बसून बशीतून चहा प्यायचे, आणि आई परत येताना प्रसाद आणायची. प्रसाद काय, तर शेंगाची पोळी. गूळ-दाण्याचं कूट भरलेली, साजूक तूप लावलेली, केळीच्या पानात बांधलेली. यल्लम्माच्या देवळात शेंगाची पोळी प्रसाद म्हणून कोण देतं हो? पण नाना कधी एका शब्दानं विचारायचे नाहीत. दोन खायचे आणि “तूप चांगलंय” म्हणायचे. बायकांच्या देवधर्मात पुरुषांचं लक्ष नसतं, याचा आई आणि मी पुरेपूर फायदा घेतोय, अशी माझी समजूत होती.

सहलीही सगळ्या त्याच रस्त्याच्या. गल्लीतले लोक गणपतीपुळ्याला जायचे, मालवणला जायचे. आम्ही विजापूर, बदामी, ऐहोळे, आलमट्टी, परत विजापूर. गोल घुमटाचा वॉचमन आम्हाला ओळखायला लागला होता. मी समुद्राचा हट्ट धरला की नाना म्हणायचे, “खारं पाणी ते. प्यायला येतं का?” एका वर्षी मात्र मी रडून गोंधळ घातला तेव्हा ते गोव्याला न्यायला तयार झाले. आणि नेलं कसं? अथणीवरून. सांगलीहून गोव्याला जाणारा माणूस अथणीला जातो, हे मी तोवर ऐकलं नव्हतं आणि नंतरही ऐकलं नाही. “गोकाकचा धबधबा वाटेत पडतो,” नाना म्हणाले. आमचा भाड्याच्या सुमोचा ड्रायव्हर मिरजेचा रफिकभाई, त्यानं स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं.

रफिकभाईचं नानांशी एकाच गोष्टीवरून वाजायचं. डाव्या बाजूचा आरसा. नाना पुढं डावीकडं बसायचे आणि खिडकीतून हात घालून तो आरसा फिरवून ठेवायचे.

“नाना, तेवढा आरसा सोडा की. मला त्यात नुसती शेतं दिसाल्यात.”

“मी बघतो की डावीकडचं. तुला सांगतो कोण येतंय ते.”

“तुम्ही सांगाल, पण मला बघायचं असतंय ओ.”

जन्मभर गाड्यांवर नजर ठेवलेला माणूस, गाडीत बसूनही नजर सुटत नाही, असं आम्ही त्यावर हसायचो.

तर असं बरीच वर्षं चाललं. ताईला मुलगा झाला, तोही देवळातच आईच्या मांडीवर खेळला. मग थोरले काका गेले. मला वाटलं, आता नाना नरम येतील. मी तसं म्हणून बघितलं तर म्हणाले, “माणूस गेलं म्हणून शब्द जात नाही.” पुढं आईही गेली. दहाव्याला शकूताई आली, तर भाऊकी ओटीवर बसलेली. नाना उठले आणि मागच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. ती आईच्या फोटोला हार घालून, पाणीही न पिता परतली. त्या दिवशी मला नानांचा एवढा राग आला होता की आठवडाभर मी त्यांच्याशी धड बोलले नाही.

आणि आता, मी मटार सोलत बसले होते त्याच्या आदल्या दिवशी, ताईचा फोन आला. बसवराज मास्तर निवृत्त झाले होते. मुलानं दावणगेरेला घर बांधलं होतं. सामान बांधायला काढलं होतं.

“उजू, मी आता लांब चालले गं. परत एवढ्या जवळ यायची नाही. एकदा नानांनी मला समोरून बघावं, बास. बोलू नये हवं तर.”

“मी आणते त्यांना फाट्यावर,” मी म्हटलं. “तू देवळात ये. त्यांना गाडीतून खाली उतरवायचं माझ्याकडं लागलं.”

नवऱ्याला सुट्टी नव्हती, मुलीची परीक्षा होती. त्यामुळं त्या वर्षी नाना आणि मी, आम्ही दोघंच निघालो. मी पहिल्यांदाच एवढा लांबचा पल्ला चालवणार होते. नानांनी देवापुढची सुपारी डॅशबोर्डवर ठेवली, पट्टा लावला आणि खिडकीतून हात बाहेर काढला.

“नाना, आरशाला हात लावू नका. तो बटणावर फिरतो. इथं, माझ्या बाजूला बटण आहे.”

“बटणावर?”

“हो. हातानं ढकललात तर मोडेल.”

त्यांनी हात आत घेतला. मिरज गेली, म्हैसाळ गेलं, तरी ते मधूनमधून त्या आरशाकडं बघत होते. काच माझ्या सोयीनं लावलेली, त्यांना त्यात आमच्याच गाडीचं मागचं दार दिसत असणार. कागवाड ओलांडलं. दोन्ही बाजूंनी ऊस, तोडीच्या बैलगाड्या, आणि नाना एरवीसारखे बोलत नव्हते. एरवी प्रत्येक गावाला त्यांच्याकडं एक गोष्ट असायची, इथं अमक्या साली ब्रेक डाऊन झालं, इथला कंडक्टर पुढं आमदार झाला. त्या दिवशी काही नाही. मला वाटलं, आईची आठवण येत असेल.

काय बोलायचं, कसं उतरवायचं, हे मी मनात घोळवत होते.

फाट्यावर पोचलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. मी कँटीनसमोर गाडी लावायला गेले तर नाना म्हणाले, “इथं नको. जरा पुढं घे. त्या लिंबाखाली. हां, अजून थोडी. बास.”

“कँटीन मागं राहिलं की.”

“पोरगं चहा आणून देतंय.”

मी इंजिन बंद केलं आणि हिय्या केला.

“नाना, आज देवीला तुम्ही चला. आई किती वर्षं येत होती. तिच्या नावानं नमस्कार करा की एकदा.”

“तू जा.”

“चार पावलं आहेत. मी धरते तुम्हाला.”

“गुडघा उचलत नाही. तू जाऊन ये, मी चहा घेतो.”

“घरी गच्चीवर चढून कबुतरं हाकलता, तेव्हा उचलतो गुडघा.”

नाना समोर काचेतून रस्त्याकडं बघत राहिले. मग शांतपणे म्हणाले, “उजे, जा म्हटलं ना.”

त्या आवाजापुढं माझं कधीच काही चाललेलं नाही. पण संताप असा आला की ओटीची पिशवी उचलली, दार धाडकन आपटलं आणि निघाले. एवढ्या लांब आणून, एवढ्या जवळ आणून हा माणूस खाली उतरत नाही. ताईला काय सांगायचं आता?

शकूताई पायरीवर उभी होती. अंगावर आईचीच जुनी इरकल होती. आईनं कधीतरी दिलेली असणार. हातात केळीच्या पानाचं पुडकं. माझ्या मागं कोणी नाही, हे तिनं लांबूनच बघितलं.

“नाही उतरले,” मी म्हटलं.

“असू दे.”

“असू दे काय? मी अजून एकदा जाते. ओढून आणते.”

“नको गं. त्यांना त्रास नको.” तिनं पदरानं कपाळावरचा घाम पुसला. ती भर उन्हात उभी होती. देवळाच्या ओवरीत चांगली सावली होती.

“ताई, आत तरी बस की. उन्हात कशाला उभी आहेस?”

“सवय झालीय,” ती हसली. “आई मला दरवेळी इथंच उभी करायची. ह्याच पायरीवर, दीपमाळेच्या ह्या बाजूला. मी म्हणायची, आत सावलीत बसून बोलू, तर म्हणायची, नको, इथंच उभी राहा. आणि तोंड रस्त्याकडं कर म्हणायची. डोक्यावरचा पदरसुद्धा मागं घ्यायला लावायची. मी विचारायची, का गं? तर म्हणायची, देवीला चालत नाही पदर.”

मी वळून बघितलं. पायरीवरून आमची गाडी पाठमोरी दिसत होती. लिंबाखाली, थोडी पुढं. डाव्या खिडकीतून नानांचा हात बाहेर आला होता आणि आरशावर चाचपडत होता.

मला आधी नुसतं वाटलं, झालं, मोडतायत नवी गाडी. दोन पावलं तशीच तणतणत गेले. मग पाय मंद झाले. रफिकभाईची शेतं आठवली. “जरा पुढं घे, अजून थोडी, बास,” हे दरवर्षी ऐकलेलं आठवलं. अथणीवरून गोव्याला गेलेलं आठवलं.

मी माझ्या बाजूनं आत बसले. नानांनी पटकन हात आत घेतला. चहाचा ग्लास डॅशबोर्डवर तसाच होता, वर साय धरलेली.

“हा फिरत नाही,” ते म्हणाले. समोर बघत. एवढा मोठा माणूस, पण आवाज असा की खेळणं चालत नाही म्हणून लहान मुलानं कुरकुरावं.

मी किल्ली फिरवली आणि आरशाच्या बटणावर बोट ठेवलं.

“बाहेर घे,” नाना म्हणाले.

आरसा गुणगुणत फिरला.

“अजून. अजून थोडा बाहेर. आता खाली. जास्त झालं, वर घे जरा.” मग त्यांनी श्वास सोडला. “बास.”

मला माझ्या जागेवरून त्यात नुसता उसाचा फड दिसत होता. नाना मात्र बघत होते. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला आणि बघत राहिले. मी इतकी वर्षं त्यांच्या मागच्या सीटवर बसत आले, पण त्यांचा तो चेहरा मला कधी दिसला नव्हता.

“केस पांढरे झाले की तिचे,” ते म्हणाले.

“नाना, पहिल्यापासून?”

“बारीक पण झालीय. आई गेल्यापासून जेवत नसेल धड.”

“नाना.”

“पहिल्या वर्षी नुसता अंदाजानं फिरवला होता,” ते म्हणाले. “तुझी आई देवीला जाते म्हणाली, तेव्हाच कळलं होतं मला. हिला कधीपासून यल्लम्मा आठवायला लागली? आरशात नीट दिसली नाही त्या वर्षी. ओवरीत बसली होती, पायच दिसले. पुढच्या वर्षी मात्र पायरीवर उभी. त्याच्या पुढच्या वर्षी परत तिथंच.”

“आईला तुम्ही सांगितलं होतं?”

“छे. बोललो नाही आम्ही कधी यावर. मी आरसा फिरवायचो, ती पोरीला उभी करायची. सगळ्यात पुढं मीच बसायचो, तुम्हाला कुणाला दिसत नव्हतं. तिला दिसलं असणार. शब्द दिला होता गं चारचौघांत. काय करणार?”

मला रडू फुटलं. रागही होताच, तो काही एका मिनिटात जात नाही. मी म्हटलं, “ती दावणगेरेला चाललीय, कायमची. हा फाटा आता संपला तिचा. एकदा समोरून बघा म्हणाली. एवढंच मागितलंय तिनं, आणि तुम्ही आरशात बघताय.”

नानांनी आरशावरची नजर काढली नाही. ओठ हलत होते. मला वाटलं, आता गाडी काढ म्हणतील.

“दावणगेरे,” ते म्हणाले. “म्हणजे हुबळीवरून.”

“हो.”

“उन्हात उभी आहे ती मघापासून. तिला म्हणावं गाडीत बस. घरापर्यंत सोडू.”

मी धावतच गेले. ताईला काय सांगितलं, मला आठवत नाही. ती गाडीपाशी आली, मागचं दार उघडलं आणि नानांच्या बरोबर पाठीमागं बसली. नाना वळले नाहीत. मी गियर टाकला, फाट्यावरून आत तिच्या गावाच्या रस्त्याला लागले.

बरंच अंतर गेल्यावर नाना समोर बघतच म्हणाले, “पोळी आणलीस?”

पुडकं सोडल्याचा आवाज झाला. नानांनी उजवा हात दोन सीटच्या मधून मागं केला, तळवा वर. तिनं त्यावर पोळी ठेवली आणि हात तसाच धरून ठेवला. नानांनी तो सोडवून घेतला नाही. पोळीचं तूप माझ्या गियरवर ठिबकलं, त्याचा डाग पुढं कितीतरी दिवस गेला नाही.

तिच्या दारात सामानाची पोती बांधून ठेवलेली होती. बसवराज मास्तर ओसरीवरून उठून उभे राहिले, त्यांना काय करावं सुचेना. ताई उतरली, गाडीला वळसा घालून नानांच्या खिडकीपाशी आली आणि उभी राहिली. मी स्टिअरिंग घट्ट धरून बसले होते.

नानांनी मान वळवली. चष्मा कपाळावर सरकवला आणि तिच्याकडं बघितलं. समोरून, हातभर अंतरावरून, कितीतरी वेळ.

“आईसारखी दिसायला लागलीस,” ते म्हणाले.

ताईनं खिडकीतून डोकं आत घालून त्यांच्या खांद्यावर टेकवलं. मास्तर पाण्याचा तांब्या घेऊन मागं उभे होते. नानांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मास्तरांना म्हणाले, “द्या. तहान लागलीय.”

निघताना मी आरसा सरळ करायला बटणाकडं हात नेला.

“राहू दे,” नाना म्हणाले. “वळणापर्यंत.”

मी राहू दिला. ताई दारात उभी होती, ते फक्त त्यांनाच दिसत होतं. जरा वेळानं मी नाक पुसून म्हटलं, “नाना, पुढल्या वर्षी गणपतीपुळे. मला समुद्र बघायचाय. आता काही ऐकायची नाही मी.”

“जाऊ की,” नाना आरशात बघत म्हणाले. “दावणगेरेवरून जाऊ. वाटेत पडतं.”